चाळीस सेकंदांची गल्ली

बावीस वर्षं मी तांडापेठेच्या गच्च्यांवरून चाललो,
खांद्यावर काळ्या वायरीचं वेटोळं,
दातांत चिकटपट्टीचा तुकडा.
कोणाकडे काय चाललंय ते खालून कळायचं नाही,
वरून कळायचं:
साडेआठला बारा खिडक्या एकदम निळ्या,
जाहिरात लागली की बारा मोऱ्यांत एकदम पाणी.

मे महिन्यात कूलरच्या वर आवाज चढवून
अख्खी गल्ली एकच वाक्य ऐकायची,
आणि नेमक्या त्याच वाक्याला
माझ्या बूस्टरवर माकड बसायचं.
मग शिव्या. बापा, काय शिव्या!
निखारे तर थेट माझ्या आजोबापर्यंत पोचायचे,
पण शिडी धरायलाही तेच यायचे.

तेव्हा माणूस लग्नाला भंडाऱ्याला गेलं
तर त्याचं काहीतरी कायमचं सुटायचं.
परतल्यावर नळावर विचारावं लागायचं,
"काय झालं वो काल? सापडली का ते चिठ्ठी?"
धकाते वहिनी सांगायच्या,
हंडा भरून वाहायला लागेस्तोवर सांगायच्या,
थोडं पदरचंही घालायच्या.
त्यांच्या सांगण्यात सासू जरा जास्तच मरायची.
नंतर कधी खरा भाग पाहिला
तर मला तो अळणी लागला.

आता कोणाचं काही सुटत नाही.
पराते काकूंच्या मुलीनं पुण्याहून डबा धाडला,
आपण झोपलो तरी जागा राहणारा,
सगळं धरून ठेवणारा.
तो बसवायला काकूंनी मलाच बोलावलं.
आपल्याच पायावर आपल्याच हातानं धोंडा,
वर दोनशे रुपये.
चहा टाकायला उठताना त्यांनी बटण दाबलं
आणि पडद्यावरची बाई तोंड उघडं टाकून थांबली,
हुंदका अर्धा आत, अर्धा बाहेर,
साखर विरघळेस्तोवर तशीच.
पूर्वी काकू ओट्यापासून ओरडायच्या,
"काय म्हणे रे ते?"

मुलगी उद्याचा भाग आजच फोनवर पाहते,
सकाळी शेवट सांगून टाकते.
काकू "हो का गं" म्हणतात
आणि रात्री साडेआठलाच बसतात.
"मले मालूम हाये का होनार ते.
पण वेळ झाली ना."

अडतीस कनेक्शनांतली नऊ उरली आहेत.
ह्या वर्षी मी वायरी लावत नाही, उतरवतो.
हेडाऊंनी एकीवर धुणं घातलंय.
माझा बाप माग चालवायचा;
माग विकला त्या दिवशी उरलेलं सूत
तो अंगठा आणि कोपर यांच्यामध्ये गुंडाळत बसला होता.
माझ्या मनगटाला ती चाल
कोणी शिकवली नव्हती.

परवा जामठ्याला मॅच होती.
मी गच्चीवर, हातात पक्कड,
निखाऱ्यांचं कनेक्शन त्या दिवशी तोडायचं होतं.
पहिली आरोळी त्यांच्याच घरातून आली. माझी वायर.
सात-आठ सेकंदांनी परात्यांचा डबा ओरडला.
मग हेडाऊंचा टीव्ही, जो इंटरनेटवर चालतो.
आणि पायरीवर त्यांचा नातू पार्थिव,
त्याच्या फोनवर बॉलर अजून धावतच होता,
कानांत बोटं घालून किंचाळला,
"सांगू नका रे कोनी!"
एकच सिक्स,
गल्लीच्या तोंडापासून मागच्या भिंतीपर्यंत
चाळीस सेकंद चालत गेला.

पार्थिवपर्यंत पोचलाच नाही.
फोनवर गोल फिरत राहिलं.
त्यानं तो हलवला, उन्हात धरला, मांडीवर आपटला,
मग मान वर करून माझ्याकडे पाहिलं.
"काका, काय झालं?"

मीही काही पाहिलं नव्हतं, नुसतं ऐकलं होतं.
पक्कड खिशात घातली, कठड्यावर बसलो
आणि म्हणालो,
"अरे, असा मारला, असा मारला,
बॉल अजून वर्धा रोडवर शोधून राह्यले."