मूळ प्रत

माझं दुकान म्हणजे एक झेरॉक्स मशीन आणि एक स्टूल.
गावातला कागद माझ्या काचेवरून गेल्याशिवाय
तहसीलात जात नाही.
सातबारा, टीसी,
जन्माचा दाखला, मृत्यूचा दाखला:
काच तीच, खालून फिरणारा हिरवा उजेड तोच,
पैसे तेच, दोन रुपये.

लांजेवारांच्या सुनेचा दाखला आला
तेव्हा त्यावर तारीख होती, वेळ नव्हती.
तो कागद सांगत नाही
की आरोग्य केंद्राच्या आवारात गाडी उभी होती,
पांढरी, धुतलेली, टाकी अर्धी भरलेली,
किल्ली ऑफिसातल्या खिळ्याला
आणि ऑफिसला साडेपाचपासून कुलूप.
इसराईलभाईच्या कोंबड्यांच्या गाडीतून
पिंजरे उतरवायला अकरा मिनिटं लागली.
उमरेड रोडवर, पाचगावच्या पुढे,
पंचफुलाबाईनं सुनेचा हात सोडला नाही,
फक्त म्हणाली,
"आता हळू चालव, बाबू."

निवेदन देवांगना मेश्रामनं लिहिलं.
आशा वर्कर ती, अक्षर गोल,
'चोवीस तास'खाली पट्टीनं मारलेल्या दोन रेघा.
सह्या चारशे बारा, अंगठे एकोणनव्वद.
अंगठे प्रतीत फिके येत होते,
मी मशीन गडद केलं.

नागपूरला, सिव्हिल लाइन्समध्ये,
साहेबांनी चष्मा पुसत विचारलं,
"रात्रीच्या केसेस किती? रजिस्टरात तर शून्य आहे."
शून्यच असणार, साहेब,
रात्री रजिस्टरही कुलपात असतं.
हे मी नाही म्हटलं. देवांगना म्हणाली,
आणि जिना उतरताना तिचे पाय थरथरत होते.
मला म्हणे, "उन्हानं होऊन राहिलं."

मग रजिस्टर आम्हीच केलं.
दोनशे पानी वही, पुठ्ठ्यावर हळदीचा डाग.
घरोघर विचारलं: तीन वर्षांत
रात्री कोण निघालं, कशात बसून, कुठवर पोचलं.
लोक म्हणत, आठवत नाही.
दार लावून घेत. मग परत उघडत.
ट्रॅक्टरची ट्रॉली, खाली तणस.
लग्नाच्या डीजेची पिकअप, रंगीत दिवे चालूच,
कारण बटण बिघडलेलं.
ईश्वरदास सेलोकर साप चावलेल्या पोराला
दुपट्ट्यानं पाठीशी बांधून
मोटरसायकलवर मेडिकलपर्यंत गेला. ते पोरगं
आता मार्कशीटची प्रत काढायला येतं
आणि दोन रुपये उधार ठेवतं.
एक बाई डागाच्या फाटकातच बाळंत झाली.
सत्तावीस जण, एकेकाला एक पान.
नऊ पोचले नाहीत.
नववं नाव माझ्या वडिलांचं,
ते मी लिहिलं, अक्षर तिरपं आलं.

एक उन्हाळा गेला, एक साहेब बदलून गेले,
नव्या साहेबांना वही पुन्हा पहिल्या पानापासून.
शेवटी एका संध्याकाळी साडेपाचला
गाडीभोवती ताडपत्री अंथरून आम्ही बसलो.
बायका रोजीवरच्या होत्या, काम सोबत आणलेलं,
मिरचीचे देठ खुडत राहिल्या.
कारकुनाला शिंका सुरू झाल्या.
शिंकत शिंकतच त्यानं वर फोन लावला.

पत्र आलं: "प्रायोगिक तत्त्वावर, तीन महिने."
किल्ली आता रात्री हिवराजच्या कमरेला.
पहिल्या रात्री कोणीच आजारी पडलं नाही,
तरी लोक येऊन गाडी पाहून गेले.
पंचफुलाबाई आली, मागचं दार उघडायला लावलं,
आत चढली, बाकावर बसली.
किती वेळ, ते मी मोजलं नाही.
उतरली आणि म्हणाली,
"आतून लय मोठी हाय बाप्पा."

आज चाळीस दिवस झाले.
साहेबांनी वहीची मूळ प्रत मागितली आहे.
मी झेरॉक्स पाठवली.
मूळ प्रत मशीनखालच्या कप्प्यात आहे,
तिच्यात अजून
एकशे त्र्याहत्तर पानं कोरी.