लाल पाटीचे दिवस

शोरूममधल्या पोरानं किल्ली दिली ती दोन्ही हातांनी.
सोबत मोगऱ्याची माळ आणि एक छत्री फुकट.
म्हणाला, मावशी, अख्ख्या यासोथोनमध्ये या मॉडेलची ही तिसरीच.
पहिल्या दोन कुणी नेल्या ते मी विचारलं नाही.
कॅटलॉगात रंगाचं नाव वाळवंटातली पहाट की असंच काहीतरी,
माझ्या डोळ्यांना तो चिंचेचा कोळ.

सह्या झाल्यावर, फोटो काढून झाल्यावर, तो हळूच म्हणाला:
लाल पाटी आहे तोवर ऊन पडल्यावरच काढायची,
आणि दिवेलागणीच्या आत घरी.
मी हसले. बाळा, मी बर्फ पोचवते.
बर्फाला सूर्य दाखवायचा नसतो.

बावीस वर्षं पहाटे साडेतीनला कारखान्याच्या फाटकाशी,
पाचच्या आत मासळीबाजार, मग नूडलवाल्या, मग शाळेचं कँटीन.
आता नवी गाडी अंगणात झाकून,
आणि मी पुन्हा त्याच जुनीत,
जिचं दार नायलॉनच्या दोरीनं बांधलेलं,
जिचा इसार खामसिंगकडून मी आधीच घेतला होता.
त्याला फोन केला, थांब थोडं.
तो म्हणाला, किती थोडं?
पाटी पांढरी होईल तेवढं.

मग दुपारच्या दुपारी मी नवी घेऊन निघायची, रिकामी.
कुठे जायचं असतं दुपारी?
बहिणीकडे गेले. तिनं चपला बाहेर काढल्या, मग आत बसली.
मुलाच्या शाळेपुढून दोनदा गेले, त्यानं दोन्हीदा मान फिरवली.
थाविन जेवण झालं की तिच्यात जाऊन बसतो,
एसी लावून मुष्टियुद्धाची कॉमेंटरी ऐकतो,
सीटवरचं प्लास्टिक काढू देत नाही,
उठताना पाठीला चिकटलेलं ते फाट्‌दिशी सुटतं.

विहारात नेली.
म्हाताऱ्या भिक्खूंनी छतावर पांढऱ्या गंधाचे ठिपके काढले,
स्टिअरिंगला दोरा बांधला,
पाणी शिंपडता शिंपडता विचारलं, काय वाहणार हिच्यातून?
बर्फ, म्हटलं.
त्यांचा हात तसाच वर राहिला.
मग मी आणखी काय शिकवू हिला, म्हणाले,
आणि उरलेलं पाणी माझ्याच डोक्यावर ओतलं.

एकेचाळिसाव्या दिवशी पांढरी पाटी आली.
आकड्यांची बेरीज सासूबाईंनी तीनदा केली,
तिन्ही वेळा वेगळी आली, शेवटची त्यांना पटली.

त्या रात्री मला झोप नाही.
तीनला निघाले. कुत्री भुंकली, आवाज ओळखीचा नव्हता ना.
कारखान्यात प्रयूननं पहिली लादी आकड्यानं ओढली
आणि चिंचेच्या कोळावर एक पांढरी रेघ,
हौद्याच्या कडेपासून थेट दिव्यापर्यंत.
सगळे गप्प. प्रयूनच्या हातातला आकडा खाली गेला.
पंपाचा आवाज तेवढा.
दुसरी लादी मीच ओढली,
जरा जोरातच.

बाजारात कुणी वर पाहिलंसुद्धा नाही.
मासळीवाल्या लाएम म्हणाल्या, आज दहा मिनिटं उशीर.
ते खरंच होतं.
पण नूडलवाल्यांच्या गल्लीत शिरले तर
एकही शटर वर नाही, एकही चूल पेटलेली नाही.
मी गाडी बंद केली. तशीही ती चालू आहे हे कळत नव्हतं.
अंधारात बर्फ ठिबकत होता, नव्या हौद्यातून, नव्या आवाजात.

तेवढ्यात खामसिंगचा फोन.
ताई, डावीकडे वळलं की हिचा भोंगा आपोआप वाजतो.
काय करू?

काही करू नकोस, म्हटलं.
दुरुस्त तर अजिबात करू नकोस.
आधी इकडे ये,
आणि या गल्लीत
डावीकडे वळ.