कोरडं

एक्स्ट्रूडरच्या आत एकशे वीस अंश.
तिथून जिवंत काही बाहेर येत नाही,
असं जुसेलिया नव्या पोरांना पहिल्याच दिवशी सांगते.
मग जरा थांबून म्हणते,
बाहेर आल्यावरचं मात्र आपल्या हातात.

शापेकोच्या कडेला आमचा कारखाना.
जुलैची थंडी, अराउकारियाच्या फांद्यांवर हिम,
आणि आत कोंबडीच्या चरबीचा वास,
जो रविवारीसुद्धा केसांतून जात नाही.
दाणे गरम येतात, कूलरमध्ये निवतात,
पिंपात गरगर फिरत
पैलवानासारखी चरबी अंगाला चोळून घेतात.
मग पिशवीत. पिशवीवर हसणारं कुत्रं.

मंगळवारी तिच्या तांबड्या ताटलीत
काळे ठिपके उमटले.
काजळ घातलेले दहा-बारा डोळे
तिच्याकडे टक लावून बघत होते.
तिनं ताटली उजेडात धरली, खाली ठेवली,
हात धुतले, पुन्हा धुतले
आणि बेचाळीस टनांभोवती पिवळी फीत बांधली.

वाल्दिर म्हणाला, कुत्री तर रस्त्यावरचं मेलेलंही खातात.
त्यांना काय होतंय?
खरंय, त्यांना बहुतेक वेळा काहीच होत नाही.
शेपूट हलवतात, तोंड चाटतात.
कुणाचं तोंड, ते विचार ना, जुसेलिया म्हणाली.
वाडग्यात हात घालणारं रांगतं पोर आठव.
मुठीनं दाणे काढून
त्याच हातानं पाव मोडणारी तुझी आई आठव.
वाल्दिरनं ट्रककडे बघितलं.
ट्रकवाल्यानं घड्याळाकडे.

दाणा इतका कोरडा, की त्यात काही वाढत नाही.
पण कोरडं म्हणजे मेलेलं नव्हे.
ते अंग चोरून बसतं,
चरबीचं पांघरूण ओढून, महिनोन्महिने,
पाण्याच्या एका थेंबासाठी.

तो थेंब शोधायला आम्ही तीन रात्री जागलो.
ती पुढे, मी शिडी घेऊन मागे.
पट्ट्याखाली, पंख्याच्या पात्यांवर,
झाडूच्या केसांत, फोर्कलिफ्टच्या चाकांवर
ओला स्पंज फिरवत गेलो.
मला मनातून वाटत होतं, काही सापडू नये.
माझा या महिन्याचा बोनस
त्या बेचाळीस टनांतच अडकला होता.

तिसऱ्या रात्री, पहाटे चारला,
ती कूलरपाशी नुसतीच उभी राहिली.
माते प्यायला बाहेर जायचंही विसरली.
छपरावर शून्य अंश, खाली दाण्यांची वाफ,
मधे नुसता पत्रा.

टप्.

बॅटरीच्या उजेडात
सांध्याशी दुसरा थेंब धरत होता.
सांधा फटलेला. वर पारवे बसतात.
हे सगळ्यांना ठाऊक होतं,
दोन हिवाळे झाले,
आणि सगळ्यांनी ते दुसऱ्या कुणाचं तरी काम म्हणून सोडलं होतं.
त्या सगळ्यांत मीही होतो.

तिनं शिडी चढून
थेंब पडायच्या आत बाटलीत घेतला.
झाकण लावलं. तारीख, वेळ, जागा लिहिली.
पाहणाऱ्याचं नाव? तिनं विचारलं.
मी म्हटलं, माझं लिही.

निकाल यायला अजून चार दिवस.
घरी आलो तर पिपोका दारातच,
मागचे पाय नाचवत, जीभ बाहेर.
थांब, तिला म्हटलं, आधी हात धुतो.
ती नळाशी बसून राहिली,
मान वाकडी करून,
एवढा वेळ कसला लागतोय ते बघत.