पिवळ्या कागदावर

रिफअत आरा बाईंचं अक्षर म्हणजे
साखर सोडून पळालेल्या मुंग्या.
ते लागायचं फक्त मला, लाहोरात आणखी कुणाला नाही.
मी गुजरांवाल्याचा कातिब नवाज़िश अली,
पानामागे सव्वा रुपया,
गुडघ्यावर पाटी, पाटीवर पिवळा कागद,
तिरप्या जिभेचा बोरू.

त्यांनाही पानावारीच मिळायचं,
माझ्याहून बारा आणे जास्त.
हे आम्ही एकमेकांना कधी बोललो नाही,
प्रकाशकाच्या पोऱ्याने दोघांनाही सांगितलं.

त्या हिवाळ्यात रशियातली एक जाडजूड कादंबरी
इंग्रजीतून उर्दूत चालली होती.
‘उष्ट्याचं उष्टं,’ बाई म्हणायच्या
आणि पानाचा डबा पुढे सरकवायच्या.
‘यांना बर्फासाठी चौदा शब्द लागतात.
आपल्याकडे एकच, तोही सरबतात पडलेला.’

सव्विसावं प्रकरण.
नायिका घोडागाडीतून गाव सोडते.
मी लिहीत गेलो: माळ, बर्चची झाडं, पांढुरकं आभाळ,
मग एक विहीर,
विहिरीवर कवठाचं झाड,
झाडाखाली एक मुलगी,
जी गाडीत चढली नाही.

बोरू थांबला.
रशियात कवठ?

मिशनशाळेतले मास्टर युहन्ना
मूळ पुस्तकावर बोट फिरवत राहिले.
विहीर नाही. झाड नाही.
मुलगी तर नाहीच.

पान घेऊन बाईंकडे गेलो.
बदायूंचं नाव त्या कधी काढत नसत,
फक्त फळवाल्याशी भांडत, इथली कवठं कवठंच नाहीत म्हणून.
पान वाचलं. चष्मा पुसला. पुन्हा वाचलं.
‘गाडीत जागा होती, नवाज़िश.
लेखकाच्या लक्षात राहिलं नाही.’

बाईंच्या स्वतःच्या तीन कादंबऱ्या
प्रकाशकाच्या माळ्यावर वाळवीने वाचल्या.
रशियन बाईच्या सहा आवृत्त्या निघाल्या.
साहीवालहून एका नर्सने पत्र लिहिलं,
थेट रशियन लेखकाच्या नावे:
त्या मुलीचं पुढे काय झालं, जनाब?
लेखक मरून सत्तर वर्षं झालेली.
पत्र माझ्याकडे आहे.

बाई गेल्या. मग कॉम्प्युटर आला,
माझा बोरू चमच्यांच्या डब्यात गेला.
नवी आवृत्ती निघाली, कुणा प्रोफेसरांनी
ओळ न् ओळ मुळाशी ताडून पाहिलेली.
सव्विसावं प्रकरण उघडलं:
माळ, बर्चची झाडं, पांढुरकं आभाळ, शहर.

चूक नाहीच त्यांची.

रविवारी पदपथावर जुन्या पुस्तकांत
उकिडवा बसून शोधतो.
आतापर्यंत सात प्रती मिळाल्या,
एकीवर चहाचं वर्तुळ, एकीला पुठ्ठाच नाही.
सातहींत ती उभी आहे.
‘लड़की’तला शेवटचा ये
मी तेव्हा जरा जास्तच खोल काढला होता,
वाटीसारखा,
पाणी राहील इतका.