खालचा खण

स्वेतोझार, हे कलम तोंडपाठ कर:
यंत्रणा बंद पडल्यास कागद चालेल.
यंत्रणा सुरू होताच कागदावरचं सगळं
यंत्रणेत भरावं.
दोनच ओळी. ब्रसेल्समधल्या कुणीतरी
उबदार खोलीत लिहिल्या असतील, चांगल्या मनाने.
त्यांत नाही ते मी सांगते,
तू तोवर लिंडनचा चहा ओत.

एप्रिल होता. कापितान आंद्रेएवोचा हाच नाका,
मारित्सावरून सरकत आलेलं धुकं,
आणि ट्रकांची रांग, तिचा शेवटचा दिवा
एदिर्नेकडे कुठेतरी.
रात्री एक वाजून दहा मिनिटांनी
पडद्यावर एक गोल फिरायला लागला.
फिरतच राहिला,
दोर तुटलेल्या रहाटासारखा:
कुरकुर आहे, पाणी नाही.
सोफियाला फोन केला. सोफिया म्हणाली,
आमच्याकडून सगळं ठीक आहे.

तिसऱ्या खिडकीशी नेव्झात आला.
छोटी पांढरी गाडी, बुर्साची पाटी,
आणि तान्ह्या बाळासारखा छातीशी धरलेला थंड डबा.
"रेशमाच्या किड्यांची अंडी, झ्द्रावका आब्ला.
व्रात्साच्या केंद्राला द्यायचीत.
बर्फ उजाडेपर्यंत टिकेल.
नंतर ही कुणाचं ऐकत नाहीत."

मोहरीहून बारीक, राखाडी,
वीस हजार.
तुला ठाऊक आहे ती कुठल्या शीर्षकाखाली येतात?
शून्य पाच अकरा. मेलेल्या जनावरांच्या शेजारी.
यात यंत्रणेचा दोष नाही,
आमच्या जाडजूड पुस्तकातही ती तिथेच होती,
मेलेल्यांच्या पंगतीत जिवंत.
आणि आपलं स्विलेनग्राद म्हणे रेशमाचं गाव.
तुती उरलीय ती पार्किंगच्या कडेला,
तिची फळं गाड्यांच्या टपांवर डाग पाडतात
एवढीच तक्रार येते.

तर मी नियमावर बोट ठेवलं.
खरंच ठेवलं, पान सत्तेचाळीस, दुसरा परिच्छेद.
आणि खालचा खण ओढला.
कागद सापडले, तीन प्रती, कार्बनसकट.
शिक्का सापडला.
शाईची गादी मात्र वाळून दगड,
मधोमध चिकटलेली एक माशी,
अकरा वर्षांपूर्वीची असावी,
कारण अकरा वर्षांत तो डबा कुणी उघडलाच नव्हता.

मी थुंकले. हो, गादीवर. हसू नकोस.
पुरलं नाही. नेव्झातने थर्मासमधला
काळा चहा दिला, झाकणभर.
चौथ्या दणक्याला उमटला:
अर्धा सिंह, देशाचं नाव पुसट,
तारीख तेवढी ठळक.
कागदाला चहाचा वास.

तीन चाळीसला गाडी सुटली.
पाच पंचवीसला गोल थांबला, पडदा उजळला
जसा काही झोपलाच नव्हता.
मी भरायला बसले.
प्रवेशाची वेळ: तीन चाळीस.
लाल चौकट. वेळ ग्राह्य नाही.
यंत्रणा तेव्हा नव्हती,
म्हणून ती वेळही नव्हती.
तीनदा टाकली. तीनदा लाल.
शेवटी पाच एकतीस टाकलं.
हिरवं.

म्हणजे नोंदीप्रमाणे बघ,
नेव्झात प्लॉवदिव मागे टाकून गेला
तरी अजून सीमेपलीकडेच उभा होता,
डबा छातीशी धरून.

जूनमध्ये लेखापरीक्षक आले.
कागदावर एक वेळ, यंत्रणेत दुसरी. खरी कुठली?
मी म्हटलं, ज्या वेळी बर्फ वितळत होता ती.
त्यांनी लिहिलं: तफावत. खुलासा असमाधानकारक.
माझ्या फाइलीत आहे, कधीतरी वाच.

अंड्यांचं काय झालं?
माहीत नाही. नेव्झात पुन्हा माझ्या पाळीत आला नाही,
आणि असली चौकशी करायला
पडद्यावर चौकट नाही.

ही घे किल्ली.
खणात नवी गादी आहे, माझ्या पैशांची.
महिन्यातून एकदा दोन थेंब पाणी घाल.
नाही, हे कुठल्याही कलमात नाही.
चहा निवला बघ तुझा.