पुरळ

पुरळ उठलं? छान, म्हणाली एली.
तिच्या डन्डीच्या बोलीत छानसुद्धा
मग टेबलावर ठेवल्यासारखं वाजतं.
म्हणजे गोळी लागू पडतेय बहुधा.
बहुधा, असं दोनदा म्हणाली
आणि माझ्या हनुवटीकडे पाहत राहिली,
कुंडीतल्या पहिल्या कोंबाकडे पाहावं तशी.

अठ्ठेचाळिसाव्या वर्षी मुरमं.
सोळाव्या वर्षी एक नव्हतं.
वर्गातल्या मुली म्हणायच्या, हिचे गाल म्हणजे लोणी.
ते उसनं होतं तर.
वसुली चाललीय, नाकावर, कपाळावर, भांगात,
पाठीवर तिथे, जिथे माझा हात पोचत नाही
आणि सुहास महिन्यातले तीन आठवडे
समुद्रात, तेलाच्या रिगवर.

फुप्फुसातली गाठ कुणाला दिसली नव्हती.
तिला घेऊन मी दूध आणलं, पार्किंगवरून भांडले,
शेजारणीच्या मुलाच्या लग्नात नाचलेसुद्धा.
आता चेहरा बघून दुकानातली मुलगी
सुटे पैसे तळहातावर न देता काउंटरवर ठेवते.
मी अंगाला लावून घेत नाही.
अंगाला लावायला मलमं आहेत,
त्यातलं एक उन्हाचं,
टे नदीवरच्या या राखेच्या रंगाच्या उजेडातही
न विसरता लावायचं.

नखांच्या कडेला चिरा.
लसूण सोलताना डोळ्यांत पाणी येतं, कांद्याचं नाव होतं.
फोन माझं बोट ओळखत नाही.
पुन्हा प्रयत्न करा, म्हणतो.
करते.

निहार पंधराचा.
गेलं वर्षभर माझ्याशी बोलतो ते टोपीच्या आतून,
भिंतीकडे बघत.
परवा बाथरूमच्या फळीवर त्यानं दोन खोकी पाहिली,
त्याचं नि माझं,
आत तीच कॅप्सूल.
तुलापण? एवढंच म्हणाला.
मग दारातून परत वळला:
दुधाबरोबर नको घेऊस.
घेतल्यावर लगेच आडवी होऊ नकोस, घसा जळतो.
आणि नख लावायचं नाही, आई.
माझंच वाक्य,
त्याच्या नुकत्या फुटलेल्या आवाजात.

पापण्यांचं मात्र त्याच्या खोक्यात नव्हतं.
त्या वाढत सुटल्या, वळल्या, बुबुळाला टोचू लागल्या.
कापा, पण जपून, म्हणाले डोळ्यांचे डॉक्टर.
माझी बोटं कात्री धरीनात.
तर आज स्वयंपाकघराच्या खिडकीत मला बसवून
त्यानं टोपी मागे टाकली
आणि चेहरा माझ्या चेहऱ्याजवळ आणला,
वर्षभरात पहिल्यांदा, वीतभर अंतरावर.
दोघांचे गाल एकाच भट्टीत भाजलेले.
श्वास रोखलेला. त्याचाही.

एक केस माझ्या मांडीवर पडला.
मूठ पुढे कर, म्हटलं, पालथी. ठेव त्यावर.
आता डोळे मीट, काही माग, फुंकर घाल.
असलं काही नसतं, म्हणाला.
मग केस उजेडात धरून पाहिला.
केवढा आहे. दोघांना पुरेल.
अर्धी फुंकर त्यानं घातली, अर्धी मी.
काय मागितलंस, ते आम्ही विचारलं नाही.

आता डावा. हलू नकोस ना.
मी नाही हलत, तो आपोआप लवतोय.
बाईचा डावा डोळा लवला की काय होतं,
हे त्याला सांगायचं राहिलंय.
कात्री अजून जवळ होती.