एकास शंभर

दस्तगीर मुल्ला सांगलीत बोट बांधतो,
म्हणजे कुपवाडला, शेडमागे, पत्र्याखाली,
साडेनऊ फूट लांब, बारा मजली,
लेथवरून रिटायर झाला त्याच्या दुसऱ्या दिवसापासून.
समुद्र त्यानं एकदाच पाहिलाय, रत्नागिरीला,
मेहुण्याच्या लग्नात, तोही ओहोटीचा.

कशासाठी, असं विचारणारे येतात, चहा पिऊन जातात.
मी विचारलं नाही. मी खिडक्या कापल्या.
अकराशे चाळीस, ब्लेडनं, एकेक.
अडतीस वर्षं हळदीच्या अडतीवर पट्ट्या लिहिलेला हात
शेवटी कामाला आला म्हणायचा.

"एकास शंभर," तो सांगतो, गॅस आणणाऱ्यालाही.
माणूस पावणेदोन सेंटीमीटर. खुर्ची आगकाडीची.
वायपरच्या दोन मोटारी, पोटात स्कूटरची बॅटरी,
धुराड्यात उदबत्तीचा तुकडा.
लाइफबोटी मात्र त्यानं पितळेच्या केल्या.
अठरा. लेथवर.
फायबरच्या कर म्हटलं तर हात पुढे धरले:
"ह्यांना दुसरं काय येतंय?"

मणेराजुरीला पुतण्याचं शेततळं,
द्राक्षबागेच्या डोक्यावर,
काळं प्लॅस्टिक अंथरलेलं चौकोनी पाणी.
टेम्पोतून दोन तुकड्यांत नेली,
ट्रॅक्टरच्या ट्यूबचं वॉशर घालून बोल्ट आवळले.
सोडली.
आणि ती कलली,
मांडवात कुणाच्या कानात काही सांगायला बाई वाकते तशी,
हळू, डाव्या अंगाला,
आणि वाकलेलीच राहिली.

पितळ. सगळं पितळ वरच्या अंगाला.
पुतण्या म्हणाला, काढा की चाचा त्या बोटी.
दस्तगीर काठावर बसला. बऱ्याच वेळानं म्हणाला,
"मग माणसं कशानं उतरायची?"
बोटीवर एकही माणूस नव्हतं. आम्ही केलीच नव्हती माणसं.
तरी कुणी हसलं नाही.

परतताना टेम्पोत मला आठवली
अडतीच्या माळ्यावरची वजनं, बिडाची,
इलेक्ट्रॉनिक काटा आल्यापासून गोणपाटाखाली पडलेली,
पाठीवर वजनमापवाल्यांचे जुने शिक्के.
पाच-पाचची तीन, दोन-दोनची दोन.
मालकाचा नातू म्हणाला, न्या, भंगारच आहे.
तळाला, कण्यालगत, एका रांगेत निजवली आम्ही ती.
खोबणीतली हळद पुसली नाही.

त्या रात्री झोप लागेना, तेव्हा हिशेब केला.
लांबीला शंभर, तर वजनाला दहा लाख.
किलोला हजार टन.
एकोणीस किलो, एकोणीस हजार टन.
आणि वर्षाला दहा हजार पोती, पन्नास किलोची,
अडतीस वर्षं माझ्या डोळ्यांदेखत
काट्यावर चढली, उतरली,
तीही

उठून दिवा लावला. गुणाकार पुन्हा केला.
बायको म्हणाली, काय झालं?
म्हटलं, काही नाही. ताळा जमला.

दुसऱ्या खेपेला ती सरळ उभी राहिली.
पाणी मात्र एकास शंभर होत नाही;
वाऱ्याची साधी सुरकुती, तिला पुरुषभर लाट.
एक चतुर आला, हेलिकॉप्टरच्या गोलात बसला,
चार पंख ताठ. तेवढा एक मापात.
फवारणीचा वास होता. पलीकडे ट्रॅक्टर बंद झाला.
तिन्हीसांजेला दस्तगीरनं कळ दाबली
आणि माझ्या अकराशे चाळीस खिडक्या लागल्या.
पुतण्यानं मोबाइल काढला, मग पुन्हा खिशात ठेवला.

वर एवढा उजेड. खाली, पाण्याच्याही खाली,
पाच, पाच, पाच, दोन, दोन.

चाळिसाव्या मिनिटाला बॅटरी बसली, तळ्याच्या मधोमध.
पोहायला कुणालाच येत नाही, आणि प्लॅस्टिक शेवाळलेलं.
वारा आणेल म्हणून काठावर बसून राहिलो.
दस्तगीर म्हणाला, पुढच्या वेळी चार-दोन माणसं करू,
कठड्याला उभी. एक तुझ्यासारखा, शांतिनाथ, टोपीवाला.
म्हटलं, टोपी मापात कर.
सांगलीची शेवटची एसटी पावणेआठची होती.
बोट अजून हललेली दिसत नव्हती.